भाषांतर, संपादन आणि अध्यापन : कृष्णशास्त्री चिपळूणकर यांची त्रिविध सेवा



चिपळूणकर हें नांव उच्चारलें कीं आपल्यापैकीं बहुतेकांस निबंधमालाकार विष्णुशास्त्री आठवतात, आणि तें स्वाभाविकच आहे. आज मी बोलणार आहें तें मात्र त्यांच्या वडिलांविषयीं. पुत्राच्या तेजामुळें पित्याचें नांव झांकून जावें असा प्रकार इतिहासांत वारंवार घडतो; कृष्णशास्त्री चिपळूणकरांच्या बाबतींत तो विशेषच घडला. मुलानें सरकारी नोकरी झुगारली, वडिलांनीं ती जन्मभर केली. मुलानें तलवारीसारखी लेखणी चालविली, वडिलांनीं ती सुतारानें रंधा चालवावा तशी चालविली. रंध्याच्या कामाचा आवाज होत नाहीं, पण घरांतील प्रत्येक दरवाजा त्यानेंच गुळगुळीत झालेला असतो.

कृष्णशास्त्र्यांनीं आयुष्यांत मुख्यतः तीन कामें केलीं. परभाषांतील ग्रंथ मराठींत आणले, नियतकालिकें चालविलीं, आणि जे पुढें शिक्षक व्हावयाचे त्यांना शिकविलें. आजच्या रिवाजाप्रमाणें भाषांतरकार, संपादक आणि प्राध्यापक हे तीन निरनिराळे इसम असतात व त्यांची एकमेकांशीं फारशी ओळखहि नसते. माझें म्हणणें असें आहे कीं, कृष्णशास्त्र्यांच्या ठिकाणीं हीं तीन कामें मुळांत एकच होतीं. समोरच्या माणसाला काय कळतें आणि काय कळत नाहीं याचा अंदाज घेऊन त्याच्यासाठीं नेमका शब्द शोधणें, हें तें काम. हा विषय मी पुण्याहून न मांडतां नंदुरबारहून मांडीत आहें, यालाहि एक कारण आहे. तें ओघानें पुढें येईल.

प्रथम काळ ध्यानांत घेऊं. १८१८ सालीं पेशवाई बुडाली. पेशव्यांकडून श्रावणमासांत विद्वान् ब्राह्मणांस दक्षिणा वाटली जात असे. ती एकदम बंद केली तर असंतोष वाढेल हें नव्या राज्यकर्त्यांनीं ओळखलें, आणि त्याच निधींतून १८२१ च्या ऑक्टोबरांत पुण्याच्या विश्रामबाग वाड्यांत संस्कृत पाठशाळा उघडली. न्याय, व्याकरण, अलंकार, धर्मशास्त्र असे जुनेच विषय तेथें जुन्याच पद्धतीनें शिकविले जात. १८३७ सालीं या पाठशाळेच्या देखरेखीवर एक इंग्रज लष्करी अधिकारी आला. त्याचें नांव टॉमस कँडी. पुढें ‘मेजर कँडी’ म्हणून तो महाराष्ट्रभर ओळखला गेला.

कँडीसाहेबाची ओळख करून घेतल्याशिवाय कृष्णशास्त्र्यांचें काम समजत नाहीं. १८३१ सालीं निघालेल्या मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाला त्यानें हातभार लावला होता. १८४७ सालीं इंग्रजी-मराठी कोश पुरा केला. आणि १८५७ सालीं मोल्सवर्थच्या कोशाची जी दुसरी आवृत्ति निघाली, जींत सुमारें ६०,००० शब्द आहेत, तिच्यामागेंहि त्याचे श्रम होते. पुढें तो सरकारचा मुख्य मराठी भाषांतरकार झाला. हिंदुस्थानचा दंडसंग्रह म्हणजे पीनल कोड त्यानें मराठींत उतरविला. शाळांचीं क्रमिक पुस्तकें त्याच्या नजरेखालून गेल्यावांचून छापलीं जात नसत. आपण आज वाक्याच्या शेवटीं टिंब देतों आणि मध्यें स्वल्पविराम घालतों, हा रिवाज मराठी छापील मजकुरांत रूढ करण्याचें श्रेय बव्हंशीं त्याचेंच. १८५० सालीं त्यानें ‘विरामचिन्हांची परिभाषा’ ही लहानशी पुस्तिका काढली. जुन्या पोथ्यांतून शब्दसुद्धां एकमेकांस चिकटून लिहिले जात, हें ज्यांनीं पाहिलें आहे त्यांना या पुस्तिकेचें महत्त्व निराळें सांगावयास नको. पोथी जाणत्यानें मोठ्यानें वाचावी आणि इतरांनीं ऐकावी अशी रीत होती. छापील पुस्तक ज्यानें त्यानें एकट्यानें वाचावयाचें असतें. तेथें श्वास कोठें घ्यावा हें सांगावयास शास्त्रीबोवा जवळ नसतात. तें काम विरामचिन्हें करूं लागलीं.

अशा या पाठशाळेंत कृष्णशास्त्री घडले. त्यांचा जन्म १८२४ सालीं पुण्यास झाला. मोरशास्त्री साठे हे त्यांचे गुरु; ते आपल्या या शिष्याला ‘बृहस्पति’ म्हणत असत असें सांगतात. संस्कृताचा पाया पक्का झाल्यावर ते इंग्रजीकडे वळले. हा क्रम महत्त्वाचा आहे. त्यांच्या मागून आलेल्या पिढ्या इंग्रजी आधीं शिकल्या आणि आपल्या भाषेकडे नंतर, कित्येकदां तर कधींच नाहीं, वळल्या. कृष्णशास्त्र्यांच्या मनांत एक घर पूर्ण बांधून झालें होतें, आणि त्या घराला त्यांनीं नवी खिडकी पाडली.

१८५२ सालीं त्यांचें ‘साक्रेतिसाचें चरित्र’ प्रसिद्ध झालें. नांवाचें रूप पाहा. आज आपण इंग्रजी उच्चार धरून ‘सॉक्रेटिस’ लिहितों. त्यांनीं त्या ग्रीक तत्त्वज्ञाला मराठी जिभेवर सहज बसेल आणि मराठी विभक्ति लागेल असें नांव दिलें. पाहुण्याला ओसरीवर न ठेवतां माजघरांत घेण्याचाच हा प्रकार. १८५५ सालीं ‘अर्थशास्त्रपरिभाषा’ आली, १८६१ सालीं ‘अनेकविद्यामूलतत्त्वसंग्रह’. या दुसऱ्या प्रकारच्या पुस्तकांत भाषांतरकाराची अडचण निराळी असते. भांडवल, खंड, व्याज, मजुरी हे शब्द आपल्या बाजारांत पूर्वीपासून होतेच. पण बाजारांत शब्द सैल वापरला तरी व्यवहार अडत नाहीं. शास्त्रांत मात्र एका शब्दाचा एकच अर्थ शेवटपर्यंत पाळावा लागतो. संस्कृतांतून नवा शब्द घडवावा तर तो वाचकाला जड जातो, आणि बाजारांतला उचलावा तर त्याला जुन्या अर्थांचीं ढेंकळें चिकटलेलीं असतात. या कात्रींत सांपडलेल्या लेखकाला पांडित्यापेक्षां विवेक अधिक लागतो.

शास्त्रीय ग्रंथांबरोबर ललित वाङ्मयहि त्यांनीं मराठींत आणलें. १८६५ च्या ‘पद्यरत्नावली’ंत कालिदासाच्या मेघदूताचें रूपांतर आहे, तसेंच जगन्नाथ पंडिताच्या श्लोकांचींहि रूपांतरें आहेत. संस्कृत आणि मराठी या मायलेकी. त्यामुळें हें भाषांतर सोपें असेल असें पुष्कळांस वाटतें. अनुभव उलट आहे. संस्कृतांत चार चार शब्दांचा समास एका दमांत बसतो. मराठींत त्याची गांठ सोडून प्रत्येक शब्दाला विभक्ति प्रत्यय लावावा लागतो आणि ओळ भरून वाहूं लागते. मूळचा शब्द तसाच ठेवावा तर तें भाषांतर होत नाहीं, आणि सोडून द्यावा तर कालिदास हातांतून निसटतो. त्या मेघाच्या वाटेवर विंध्याच्या पायथ्याशीं रेवा नदी येते. रेवा म्हणजे नर्मदा, आणि तीच आमच्या नंदुरबार जिल्ह्याची उत्तर सीमा आहे.

याच्या अगदीं उलट टोकाचें काम म्हणजे ‘अरबी भाषेंतील सुरस व चमत्कारिक गोष्टी’. या गोष्टी इंग्रजीवरून घेतल्या होत्या. १८६० नंतरच्या दशकांत कृष्णशास्त्र्यांनीं हें काम हातीं घेतलें. पुढें विष्णुशास्त्री आणि हरि कृष्ण दामले यांनीं तें चालविलें. शास्त्र्यानें चोर, परी आणि खलिफा यांच्या कथा लिहाव्या, हें त्या काळच्या कांहीं मंडळींस खटकलें असल्यास नवल नाहीं. पण ज्या वाचकाला अजून वाचनाची गोडीच लागलेली नाहीं त्याला प्रथम गोष्ट द्यावी लागते, हें शिक्षकाला कळतें. त्या पुस्तकाचें यश मोजावयाचें असेल तर एक सोपी कसोटी आहे. आजहि आपण एखाद्या अजब हकीकतीला ‘सुरस आणि चमत्कारिक’ म्हणतों. बोलणाराला तें पुस्तक ठाऊक नसतें, लेखकाचें नांव ठाऊक नसतें, तरी जोडशब्द तोंडांत आहे. भाषांतरकाराला याहून मोठी बिदागी कोणती मिळावयाची!

तिसरें उदाहरण ‘रासेलस’चें. डॉ. जॉन्सन या इंग्रज कोशकाराची ही १७५९ सालची कथा. आबिसिनियाचा एक राजपुत्र सुखाचा शोध घेत हिंडतो आणि अखेर त्याला निश्चित उत्तर मिळत नाहीं, असा तिचा आशय. कृष्णशास्त्र्यांनीं भाषांतर सुरू केलें आणि विष्णुशास्त्र्यांनीं तें पुरें केलें. १८७३ च्या सुमारास तें पुस्तकरूपानें निघालें. पुढच्याच वर्षीं, १८७४ च्या जानेवारींत, मुलाची ‘निबंधमाला’ सुरू झाली. जॉन्सनचें वाक्य लांब, तोलाचें, दोन्ही पारडीं सारखीं ठेवणारें. निबंधमालेंतील वाक्यांचा जो डौल आहे त्याची तालीम या भाषांतराच्या आखाड्यांत झाली, असें मला वाटतें. वडिलांनीं मुलाला लेखनकला शिकविली ती उपदेश करून नव्हे, तर अर्धें काम त्याच्या हातीं देऊन.

आतां संपादनाकडे वळूं. १८५२ सालींच त्यांनीं ‘विचारलहरी’ नांवाचें नियतकालिक काढलें होतें. मिशनऱ्यांच्या धर्मप्रचाराला उत्तर देणें हा त्याचा एक हेतु होता. पण त्यांच्या संपादनाचें खरें क्षेत्र म्हणजे ‘मराठी शालापत्रक’. हें मासिक शिक्षणखात्याच्या आश्रयानें निघे आणि गांवोगांवच्या शाळांसाठीं असे. रस्ते नाहींत, ग्रंथालय नाहीं, चार इयत्तांना मिळून एक मास्तर, अशा ठिकाणीं महिन्यास एक छापील अंक येतो आणि त्यांत व्याकरणावर, भूगोलावर, काव्यावर कांहीं नवें वाचावयास मिळतें, याचें मोल शहरांत बसून कळणार नाहीं. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचें मराठी व्याकरण १८३६ सालीं निघालें होतें. त्यांतील मतांची चिकित्सा करणारे कृष्णशास्त्र्यांचे व्याकरणनिबंध याच पत्रांतून आले. म्हणजे विद्वानांचा वाद त्यांनीं विद्वानांच्या सभेंत न ठेवतां शाळामास्तरांसमोर मांडला. पुढें विष्णुशास्त्र्यांकडे हें पत्र आलें आणि त्यांचे संस्कृत कवींवरील प्रसिद्ध निबंधहि प्रथम त्यांतच छापले गेले.

आणि तिसरें काम अध्यापनाचें. पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजचे ते प्रमुख होते. मराठी शाळांसाठीं मास्तर तयार करणारी ही संस्था. शाळामास्तर म्हणजे केवळ मुलांना अक्षरें गिरवावयास लावणारा माणूस नव्हे. गांवांत लिहितां येणारा तोच. अर्ज त्यानें लिहावयाचा, पत्र त्यानें वाचून दाखवावयाचें, हजेरी, दाखले, अहवाल त्यानें ठेवावयाचे. सुबोध, निःसंदिग्ध आणि शुद्ध लिहितां येणें हा त्याचा धंदाच होता. असे मास्तर ज्याच्या हाताखालून बाहेर पडत त्याच्या हातीं एका अर्थानें साऱ्या इलाख्याची लेखणी होती. भाषांतरांत सांपडलेला शब्द शालापत्रकांत यावा, शालापत्रकांतून मास्तराकडे जावा, आणि मास्तराच्या तोंडून मुलापर्यंत पोंचावा, असा तो पाट होता. विहीर, मोट आणि वाफा हीं तिन्ही एकाच शेतकऱ्याचीं होतीं.

येथपर्यंत मी गुण सांगितले. पण इतिहास सांगणाराचें काम आरती ओवाळण्याचें नाहीं. या पाटाचें पाणी कोणाच्या शेतांत गेलें आणि कोणाचें शेत कोरडें राहिलें, हेंहि पाहिलें पाहिजे.

पहिली गोष्ट, सारी व्यवस्था सरकारच्या मर्जीवर उभी होती. देशी वृत्तपत्रांत काय लिहून येतें याचा सारांश सरकारला सादर करण्याचें कामहि कृष्णशास्त्र्यांकडे आलें होतें. मराठीचा गाढा जाणकार, आणि त्याच्या जाणकारीचा उपयोग सरकार लोकांचें मन चांचपण्यासाठीं करणार! आश्रय देणारा हात आश्रय काढूनहि घेऊं शकतो, याचा प्रत्यय लवकरच आला. शालापत्रकांतील कांहीं मजकुरामुळें वरिष्ठांची गैरमर्जी झाली आणि १८७५ सालीं तें बंद पडलें. कृष्णशास्त्री १८७८ सालीं वारले. विष्णुशास्त्र्यांनीं पुढें नोकरी सोडून १८८० च्या आरंभीं न्यू इंग्लिश स्कूल काढलें, आणि १८८१ सालीं ‘केसरी’ व ‘मराठा’ सुरू झाले. सरकारी आश्रयानें भाषा वाढते, पण तिचा कणा ताठ होत नाहीं, हा धडा मुलानें वडिलांच्या आयुष्यावरूनच घेतला असावा.

दुसरी गोष्ट अधिक खोल आहे. शुद्ध मराठी म्हणजे कोणाची मराठी? कोशाला मदत करणारे पंडित, पाठशाळेंतील शास्त्री, भाषांतरखात्यांतील सहकारी, हे बहुतेक एकाच वर्गांतील, आणि पुष्कळसे एकाच शहरांतील. दक्षिणेचा कांहीं पैसा मराठी ग्रंथांच्या बक्षिसांकडे वळवावा म्हणून १८४९ सालीं पुण्यांतील लोकहितवादींसारख्या सुधारकांनीं अर्ज केला आणि पुढें दक्षिणा प्राइझ कमिटी आली, ही मोठीच सुधारणा होती. पण १८५५ सालीं त्याच कमिटीकडे जोतीराव फुल्यांनीं ‘तृतीय रत्न’ हें नाटक पाठविलें तें स्वीकारलें गेलें नाहीं. शेतकऱ्याची भाषा आणि शेतकऱ्याचें दुःख त्या दारांतून आंत येऊं शकलें नाहीं. जें प्रमाण ठरतें तें कोणी तरी ठरविलेलें असतें, आणि ठरविणारा जेथें बसतो तेथून त्याला जेवढें दिसतें तेवढेंच तो ठरवितो.

आतां मी नंदुरबारकडे येतों. आमचा हा मुलूख त्या वेळीं खानदेशांत मोडत असे. स्वतंत्र नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजीं धुळें जिल्ह्यांतून वेगळा झाला. उत्तरेस सातपुडा, मधून तापी, पश्चिमेस गुजरात. एका बाजारांत उभें राहिलें तर अहिराणी, गुजराती, गुजरी, भिली, मावची, पावरी इतक्या बोली कानीं पडतात. पुण्यांत छापलेलें पुस्तक येथील शाळेंत उघडलें जातें तेव्हां काय होतें, हें पाहण्यांत माझी नोकरी गेली. अहिराणी बोलणारें मूल ‘माझा भाऊ’ म्हणावयाचें तें ‘मना भाऊ’ म्हणतें. प्रमाण मराठींत ‘मना’ म्हणजे मनाई, किंवा रामदासांनीं मनाला मारलेली हांक. मूल आपलेपण सांगत असतें आणि पुस्तकाच्या कानांना तें भलतेंच ऐकूं येतें. ‘आहे’ला तें ‘शे’ म्हणतें. तें ‘आहे’चें अशुद्ध रूप नव्हे, तें दुसऱ्या बोलीचें शुद्ध रूप आहे. सातपुड्यांतील आदिवासींची देवता याहा मोगी. ‘याहा’ म्हणजे आई. ज्या बालकाच्या घरीं आईला ‘याहा’ म्हणतात त्याच्यापुढें अंकलिपींतील ‘आई’ हा शब्द ठेवला तर त्याच्या दृष्टीनें तो परभाषेंतील शब्द असतो. जगांतील पहिलें माणूस त्याला भाषांतर करून ओळखावें लागतें!

अशा वर्गांत मास्तर दोन प्रकारें वागूं शकतो. ‘तुझें चूक आहे, असें म्हण’ असें सांगून तो पुढचें पान उलटूं शकतो. किंवा मुलाचा शब्द आधीं विचारून, तो फळ्यावर लिहून, त्याच्या शेजारीं पुस्तकांतला शब्द लिहूं शकतो. पहिल्या रीतीनें मूल गप्प बसतें, आणि गप्प बसलेलें मूल पुढें शाळेंतून नाहींसें होतें. दुसऱ्या रीतीनें त्याला एकाच्या जागीं दोन शब्द मिळतात. आमच्याकडे असे शिक्षक मीं पाहिले आहेत कीं ज्यांनीं मुलांच्या शब्दांच्या स्वतःपुरत्या वह्या केल्या. त्या वह्या कोणी छापल्या नाहींत, त्यांना बक्षीस मिळालें नाहीं. पण मोल्सवर्थच्या पंडितांनीं जें केलें आणि कृष्णशास्त्र्यांनीं साक्रेतिसाचें नांव लिहितांना जें केलें, त्याच जातीचें तें काम होतें. भाषांतराच्या साखळीचें शेवटचें टोंक मास्तराच्या हातीं असतें. तें सुटलें तर मागच्या साऱ्या कड्यांचे श्रम वाया जातात.

म्हणून कृष्णशास्त्र्यांकडून काय घ्यावें आणि काय सोडावें, हें मला असें दिसतें. त्यांची कसोटी घ्यावी, त्यांची चौकट घेऊं नये. चौकट पुण्याची होती, एका वर्गाची होती, सरकारी होती; ती त्या काळाबरोबर गेली. कसोटी मात्र अजून खरी आहे : लिहिलेलें ज्याच्यासाठीं लिहिलें त्याला कळलें काय? परक्या भाषेंतील विचार त्याच्या घरांत आला काय, कीं दारांतच उभा राहिला? त्यांनीं ही कसोटी इंग्रजी आणि संस्कृत यांच्या बाबतींत लावली. ती भिली, पावरी आणि अहिराणी यांच्या बाबतींत लावण्याचें काम आमच्याकडे राहिलें आहे.

३ ऑक्टोबर २०२४ रोजीं केंद्र सरकारनें मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचें ठरविलें. त्या दिवशीं आपण सर्वांस आनंद झाला, आणि तो योग्यच होता. परंतु भाषेचें वय मोजून तिला मान मिळतो. तिचें आयुष्य वाढतें तें पहिलीच्या वर्गांत. आपल्यापैकीं ज्यांच्या घरांत लहान मूल आहे, किंवा ज्यांच्या घरीं कामाला येणाऱ्या बाईंचें मूल शाळेंत जातें, त्यांनीं त्या मुलाच्या तोंडचा एखादा अनोळखी शब्द ऐकूं आला तर तो सुधारण्यापूर्वीं त्याचा अर्थ विचारावा, एवढीच माझी विनंति आहे.